सीमेपलीकडचा मार्का

ट्रेडमार्कवरचा हक्क ज्या देशाच्या कायद्याने दिला, त्या देशाच्या हद्दीपुरताच असतो. मुंबईच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाचे प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे, तो व्यापारी भारतात कुठेही नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचू शकतो. त्याच मालाची खोकी दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरली, की त्या प्रमाणपत्राचा जोर संपलेला असतो. तिथे तो मार्का कोणाचा, हे तिथले नोंदणीपुस्तक ठरवते. एकदा नोंदवला आणि जगभर लागू झाला, असा ट्रेडमार्क अस्तित्वात नाही. 'इंटरनॅशनल ट्रेडमार्क' हा शब्द बाजारात सर्रास ऐकू येतो आणि त्याने पुष्कळ लहान उत्पादकांची दिशाभूल होते. अनेक देशांत नोंदणी करता येते, ती एका अर्जाने करण्याचीही सोय आहे. पण शेवटी पदरात पडतात ते निरनिराळ्या देशांनी दिलेले निरनिराळे हक्क, एका मोळीत बांधलेले. ही मोळी कशी बांधली जाते आणि कुठे सुटू शकते, हे माल पाठवण्याआधी समजून घेण्याचे काम आहे.

हद्दीचे हे तत्त्व मोठ्या कंपन्यांनाही चुकलेले नाही. टोयोटाने 'प्रियस' ही मोटार १९९७ मध्ये जपानच्या बाजारात आणली. भारतात मात्र मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने २००१ पासून हेच नाव वापरायला सुरुवात केली आणि त्याची नोंदणीही मिळवली. टोयोटाने २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०१७ च्या निकालात 'प्रियस' हे नाव भारतीय कंपनीकडेच राहिले. न्यायालयाने विचारलेला प्रश्न सरळ होता : भारतीय कंपनीने नाव घेतले त्या वेळी, म्हणजे एप्रिल २००१ च्या सुमारास, भारतातल्या ग्राहकाला ही जपानी मोटार ठाऊक होती का? इंटरनेटचा प्रसार तेव्हा थोडा होता, वर्तमानपत्रांतले उल्लेख तुरळक होते, आणि परदेशातल्या लौकिकाचे पाणी इथपर्यंत पोचले होते हे सिद्ध झाले नाही. बाहेरचा लौकिक भारतात पोचल्याचा पुरावा असेल, तर नोंदणी नसतानाही संरक्षण मिळते, हे याच न्यायालयाने १९९६ मध्ये व्हर्लपूलच्या खटल्यात मान्य केले होते. ज्याची ओळख पुढे येईल, त्या पॅरिस करारातले सुप्रसिद्ध चिन्हांविषयीचे कलमही तेच सांगते. पण लौकिक सिद्ध करणे हे वर्षानुवर्षे चालणारे खर्चिक काम आहे. जाहिरातींची कात्रणे, विक्रीचे आकडे, साक्षीदार हे सारे जमवावे लागते. ज्याची उलाढालच दोन-चार कोटींची आहे, त्याने या कलमावर विसंबून राहू नये.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण यापेक्षा जुने आहे. अमेरिकेतल्या बर्गर किंग कंपनीला त्या देशात दुकाने काढायची होती, तेव्हा ॲडलेडमधल्या एका खाद्यगृहाने ते नाव आधीच नोंदवलेले निघाले. १९७१ मध्ये पर्थजवळ पहिले दुकान उघडले, ते 'हंग्री जॅक्स' या नावाने. आजही त्या देशात ती साखळी याच नावाने चालते. चीनमध्ये ॲपलला 'आयपॅड' या नावासाठी मोठी किंमत मोजावी लागली. शेन्झेनच्या प्रोव्ह्यू कंपनीने हे नाव चीनमध्ये २००१ मध्येच नोंदवले होते. ॲपलने एका मध्यस्थ ब्रिटिश कंपनीमार्फत २००९ मध्ये प्रोव्ह्यूच्या तैवानमधल्या कंपनीकडून निरनिराळ्या देशांतले हक्क ३५ हजार पौंडांना विकत घेतले. चीनमधली नोंदणी मात्र शेन्झेनच्या कंपनीच्या नावावर होती, आणि त्या कंपनीने आपण काही विकलेच नाही अशी भूमिका घेतली. शेवटी २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. नोंदणीपुस्तकात मालक म्हणून नेमके कोणाचे नाव आहे, या एका तपशिलाची ही किंमत होती.

अशा अडचणी एकोणिसाव्या शतकापासूनच्या आहेत. रेल्वे आणि आगबोटींनी माल दूरवर जाऊ लागला, तशा नकलाही दूरवर होऊ लागल्या. २० मार्च १८८३ रोजी पॅरिसमध्ये औद्योगिक मालमत्तेच्या संरक्षणाचा करार झाला. त्यातली दोन वचने आजही व्यापाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची आहेत. पहिले असे की, सदस्यदेशाने परक्या अर्जदाराला आपल्या नागरिकासारखेच वागवायचे. दुसरे अग्रक्रमाचे. एका देशात अर्ज केल्यापासून ६ महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्यदेशात अर्ज केला, तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. १ मार्चला मुंबईत अर्ज केला आणि ३० ऑगस्टला लंडनमध्ये, तर मधल्या काळात जूनमध्ये तेच नाव मागणारा तिथला माणूस मागे पडतो. भारत या करारात ७ डिसेंबर १९९८ पासून आहे. सहा महिन्यांची ही मुदत टळली तर अर्ज करण्याचा मार्ग बंद होत नाही, पण जुनी तारीख हातची जाते. जिथे आधी येईल त्याला हक्क मिळतो, तिथे तारीख हेच सर्वस्व असते.

पॅरिस कराराने दार उघडले, पण प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र वकील आणि स्वतंत्र भाषा हे ओझे तसेच राहिले. ते हलके करण्यासाठी १४ एप्रिल १८९१ रोजी माद्रिद करार झाला. स्वतःच्या देशात नोंदणी झालेल्याने एकच अर्ज करायचा आणि त्यात हवे ते सदस्यदेश निवडायचे, ही त्यातली कल्पना. १८९३ मध्ये या नोंदवहीत पहिले नाव चढले ते रुस-सुशार या स्विस चॉकलेट उत्पादकाचे. कल्पना उत्तम होती, तरी ब्रिटन, अमेरिका आणि जपान शंभर वर्षे त्यापासून दूर राहिले. त्यांच्या तक्रारींत तथ्य होते. कामकाजाची भाषा फक्त फ्रेंच होती. मायदेशी नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता, आणि ज्या देशांत तपासणी काटेकोर होती, तिथल्या व्यापाऱ्याला त्यासाठी वर्षे थांबावे लागे. नकार कळवायला देशांना फक्त १२ महिने मिळत. मिळणारे शुल्क तपासणीच्या खर्चालाही पुरत नसे. शिवाय मूळ नोंदणी पडली तर सगळीकडचे हक्क एकदम जात आणि त्यावर काहीच इलाज नव्हता.

२७ जून १९८९ रोजी स्वीकारलेल्या माद्रिद प्रोटोकॉलने या तक्रारी एकेक करून दूर केल्या. नोंदणी नव्हे, नुसता अर्जही पाया म्हणून चालू लागला. देशांना नकारासाठी १८ महिने आणि स्वतःचे शुल्क ठरवण्याची मुभा मिळाली. इंग्रजी आणि पुढे २००४ मध्ये स्पॅनिशही कामकाजात आली. १ एप्रिल १९९६ पासून या प्रोटोकॉलखाली अर्ज येऊ लागले. जपान २००० मध्ये, अमेरिका २००३ मध्ये आणि युरोपीय संघ २००४ मध्ये सामील झाला. भारतात त्यासाठी १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि ८ जुलै २०१३ पासून ही सोय भारतीयांना खुली झाली. २०२४ अखेर या व्यवस्थेचे ११५ सदस्य होते आणि त्यात १३१ देश येत होते. तिचा कारभार जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे आहे.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाता येईल. समजा, सांगलीचा एक हळद व्यापारी आहे. त्याच्या पाकिटावर देवनागरीत एक शब्द आहे आणि शब्दाभोवती मोराचे चित्र. माल अमिराती, मॉरिशस, ब्रिटन, अमेरिका आणि नेपाळ इथे जाऊ लागला आहे. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत : प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज, प्रादेशिक नोंदणी आणि माद्रिद. प्रत्यक्षात बहुतेकांना तिन्हींचे मिश्रण करावे लागते.

त्याने पहिले काम करायचे ते शोधाचे. वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट पाहता येतो, आणि त्यात मिळतेजुळते शब्द शोधता येतात तशी मिळतीजुळती चित्रेही. इथे एक तास घालवला तर पुढचे लाखभर रुपये वाचू शकतात. दुसरे काम मालाचा वर्ग ठरवण्याचे. १९५७ च्या नीस करारातून आलेल्या वर्गीकरणात मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे ४५ वर्ग आहेत. हळदपूड आणि मसाले तिसाव्या वर्गात येतात, लोणचे एकोणतिसाव्यात. हळदीच्या औषधी कॅप्सूल काढायचा विचार असेल तर तो पाचवा वर्ग. परदेशी अर्जात जो माल लिहायचा, तो भारतातल्या अर्जाच्या कक्षेत असावा लागतो. इथे फक्त हळद लिहिली असेल तर तिथे लोणचे घुसवता येत नाही. म्हणून भारतातला पहिला अर्ज लिहितानाच पुढच्या पाच वर्षांचा माल डोळ्यासमोर आणणे शहाणपणाचे असते. हा अर्ज बहुधा घाईत, स्थानिक गरजेपुरता लिहिला जातो आणि परदेशी जाताना तोच आखूड पडतो.

माद्रिदने जायचे तर अर्जदार भारतीय नागरिक असावा, भारतात राहणारा असावा किंवा त्याचा खराखुरा चालता उद्योग भारतात असावा. शिवाय त्याच चिन्हाचा भारतातला अर्ज किंवा नोंदणी त्याच्याच नावावर असावी. 'त्याच्याच' या शब्दावर पुष्कळ अर्ज अडकतात. घरच्या धंद्यात पहिली नोंदणी वडिलांच्या नावावर असते. पुढे भागीदारी होते, मग प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होते आणि निर्यात ती कंपनी करते. कायद्याच्या दृष्टीने ही तीन निराळी माणसे आहेत. आधी भारतातल्या नोंदणीचे हस्तांतर कंपनीच्या नावावर करून घ्यायला हवे, त्यानंतरच माद्रिदचा अर्ज. चिन्हही हुबेहूब तेच हवे. भारतात मोर काळ्या रेषांत असेल आणि परदेशी पाकिटावर तो निळा-हिरवा केला असेल, तर निळा-हिरवा मोर मागता येत नाही.

देवनागरी शब्दाचा प्रश्न मराठी उत्पादकांसाठी महत्त्वाचा आहे. रोमन लिपीत नसलेल्या चिन्हाचे रोमन लिप्यंतर अर्जात द्यावेच लागते, आणि काही देश अर्थही विचारतात. लिप्यंतरात 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो. परदेशी तपासनीस तुलना करतो ती त्या रोमन रूपाशी, त्यामुळे मराठी कानाला अगदी वेगळे वाटणारे दोन शब्द तिथे सारखे ठरू शकतात. अर्थाची अडचण याहून मोठी आहे. मालाचे वर्णन करणारा शब्द कोणा एकाला मिळत नाही. तेव्हा मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत 'शुद्ध' किंवा 'पिवळी' असा निघाला, तर अमेरिकेत त्यावर आक्षेप येऊ शकतो. उलट, फक्त देवनागरी रूप नोंदवले आणि तिथल्या दुकानांत नाव रोमन अक्षरांत चालू लागले, तर संरक्षण एका रूपाचे आणि वापर दुसऱ्याचा अशी स्थिती होते. म्हणून दोन्ही रूपे भारतातच नोंदवून ठेवणे चांगले. चीनमध्ये तर चिनी अक्षरांतले नाव स्वतंत्रपणे घ्यावे लागते. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचे चिनी रूप 'छ्याओतान' एका चिनी कंपनीने खेळाच्या वस्तूंसाठी नोंदवले होते. जॉर्डनला चीनच्या सर्वोच्च लोकन्यायालयाकडून २०१६ मध्ये, तेही अंशतः, दाद मिळाली.

अर्ज इंग्रजीत, भारतीय नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून केला जातो. हे कार्यालय त्याच्या हाताळणीसाठी ५ हजार रुपये घेते, अर्जातला तपशील मूळ अर्जाशी ताडून प्रमाणित करते आणि जिनिव्हाला पाठवते. तो दोन महिन्यांत तिथे पोचला तर भारतात दाखल झाल्याचीच तारीख आंतरराष्ट्रीय नोंदणीची तारीख होते. बाकीचे शुल्क स्विस फ्रँकमध्ये थेट वायपोला द्यायचे असते. २०२४ च्या दरपत्रकानुसार मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ फ्रँक आणि रंगीत चिन्हाला ९०३ फ्रँक होते. त्यावर प्रत्येक देशाचे १०० फ्रँक, किंवा त्या देशाने स्वतः ठरवलेले शुल्क. अमेरिका, ब्रिटन, जपान, चीन यांसारखे मोठे बाजार स्वतःचे शुल्क लावतात आणि ते शंभराहून बरेच जास्त असते. म्हणून एकच देश हवा असेल तर माद्रिद स्वस्त पडेलच असे नाही. तीन-चार देश झाले की हिशेब माद्रिदच्या बाजूने झुकू लागतो, कारण प्रत्येक देशातल्या वकिलाची सुरुवातीची फी वाचते.

वायपो अर्जाची औपचारिक तपासणी करते. वर्ग बरोबर आहे का, मालाचे वर्णन समजण्याजोगे आहे का, पैसे पूर्ण भरले आहेत का, एवढेच ती पाहते. त्रुटी असेल तर ती कळवते, नसेल तर चिन्ह आंतरराष्ट्रीय नोंदवहीत चढवून प्रमाणपत्र देते. या प्रमाणपत्राविषयी मोठा गैरसमज आहे. ते चौकटीत घालून दुकानात लावले जाते, पण त्याने कुठल्याही देशात संरक्षण मिळालेले नसते. खरी तपासणी यानंतर सुरू होते. निवडलेल्या प्रत्येक देशाकडे अर्ज जातो आणि तिथला तपासनीस तो आपल्या कायद्याने पाहतो. तिथले आधीचे चिन्ह आडवे आले, शब्द वर्णनपर वाटला किंवा कोणी हरकत घेतली, तर तो तात्पुरता नकार कळवतो. त्यासाठी देशानुसार १२ किंवा १८ महिन्यांची मुदत आहे. मुदतीत काहीच कळवले नाही तर संरक्षण मिळाले असे धरले जाते. हरकतीवरून येणारा नकार काही देशांत त्यानंतरही येऊ शकतो. नकार आला तर वायपो फक्त टपालाचे काम करते. उत्तर त्या देशात, तिथला वकील नेमून, तिथल्या मुदतीत द्यावे लागते. वकिलाचा वाचलेला खर्च इथे परत दारात उभा राहतो. सांगलीच्या व्यापाऱ्याला मॉरिशसमध्ये होकार, अमेरिकेत आक्षेप आणि ब्रिटनमध्ये हरकत असे तिन्ही एकाच वेळी अनुभवायला मिळू शकते, आणि एका देशाच्या नकाराने दुसऱ्याचा होकार हलत नाही.

मुळावरचा घाव मात्र सगळीकडे लागतो, आणि या व्यवस्थेतला सर्वांत नाजूक भाग हाच आहे. आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या तारखेपासून पाच वर्षे ती भारतातल्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर अवलंबून असते. या काळात मूळ अर्ज नाकारला गेला, मागे घेतला गेला किंवा नोंदणी रद्द झाली, तर त्या प्रमाणात सगळ्या देशांतले संरक्षण जाते. घावाची सुरुवात पाच वर्षांत झालेली असली की पुरे, निकाल नंतर लागला तरी परिणाम तोच. भारतात चार महिन्यांच्या मुदतीत कोणीही हरकत नोंदवू शकतो आणि हरकतीचे प्रकरण काही वर्षे चालू शकते. कालच केलेल्या अर्जावर माद्रिदचा डोलारा उभा करणारा व्यापारी सगळ्या देशांतला माल अशा एका हरकतीच्या टांगणीला लावत असतो. मसाल्यासारख्या गर्दीच्या वर्गात हा धोका खराच आहे. अर्ज पाया म्हणून चालतो हे प्रोटोकॉलचे मोठे दान असले, तरी घाई नसेल तिथे भारतातली नोंदणी पक्की झाल्यावर, निदान हरकतीचा काळ उलटल्यावर जाणेच हिताचे. तरीही पाया ढासळलाच, तर रूपांतराची सोय आहे. आंतरराष्ट्रीय नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करून जुनी तारीख टिकवता येते. तेव्हा प्रत्येक देशाचे शुल्क नव्याने भरावे लागते. पाच वर्षे उलटली की आंतरराष्ट्रीय नोंदणी स्वतःच्या पायावर उभी राहते.

जे देश माद्रिदबाहेर आहेत तिथे स्वतंत्र अर्जाला पर्याय नाही. २०२४ अखेरपर्यंत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, सौदी अरेबिया, कुवेत आणि दक्षिण आफ्रिका हे त्यांत होते, म्हणजे भारतीय निर्यातदाराचे कितीतरी जवळचे बाजार. नेपाळमध्ये काठमांडूच्या उद्योग विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि नोंदणीची मुदत सात वर्षांची असते. माद्रिदच्या दहा वर्षांच्या हिशेबात गाफील राहिलेल्याची नोंदणी तिथे गळून पडते. आखातात आता चित्र मिश्र आहे. बहारीन आणि ओमान आधीपासून माद्रिदमध्ये आहेत, अमिराती २०२१ च्या अखेरीस आले आणि कतार २०२४ मध्ये. मराठी वंशाच्या लोकांची जुनी वस्ती असलेले मॉरिशस मे २०२३ मध्ये आले.

प्रादेशिक नोंदणीत युरोपीय संघाची वाट सर्वांत रुळलेली आहे. स्पेनमधल्या आलिकांते इथल्या कार्यालयात एका वर्गासाठी ८५० युरो भरून २७ देशांत एकच हक्क मिळतो, आणि माद्रिदच्या अर्जातही संघ हा एक देश असल्यासारखा निवडता येतो. हा हक्क अखंड आहे आणि त्याचा फायदा-तोटा तिथेच आहे. २७ पैकी एका देशातल्या जुन्या चिन्हाच्या मालकाने यशस्वी हरकत घेतली की सगळाच अर्ज पडतो, मग राष्ट्रीय अर्जांत रूपांतर करत बसावे लागते. ब्रिटन आता यात नाही. १ जानेवारी २०२१ पासून तिथे वेगळी नोंदणी लागते. आफ्रिकेत याउंडे इथे कार्यालय असलेली एक संघटना १७ देशांसाठी एकच नोंदणी देते.

प्रत्येक देशाच्या खोडी शेवटी त्या त्या देशात जाऊनच कळतात, पण दोन मोठ्या बाजारांच्या आधीच माहीत असाव्यात. अमेरिकेत हक्क वापरातून जन्मतो. मालाचे वर्णन तिथे अगदी नेमके लागते आणि 'सर्व प्रकारचे मसाले' अशा मोघम शब्दांवर आक्षेप येतो. माद्रिदने गेलेल्याला वापराचा पुरावा न देता नोंदणी मिळते खरी, मात्र नोंदणीनंतरच्या पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान चिन्ह तिथे वापरात असल्याचे प्रतिज्ञापत्र थेट अमेरिकी कार्यालयात द्यावे लागते. जिनिव्हातले नूतनीकरण त्याच्या जागी चालत नाही, आणि इथेच कित्येकांची अमेरिकी नोंदणी रद्द होते. चीनमध्ये उलट आहे. तिथे जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क, वापर असो वा नसो. प्रत्येक वर्गाचे तिथे पोटगट पाडलेले आहेत आणि एका पोटगटातली नोंदणी शेजारच्या पोटगटातल्या मालाला बहुधा वाचवत नाही. चीनमध्ये विकत नसलेल्या, पण तिथे पाकिटे छापून घेणाऱ्या किंवा माल बनवून घेणाऱ्या उत्पादकालाही तिथली नोंदणी लागते. मार्का दुसऱ्याने नोंदवून ठेवला तर स्वतःचाच माल तिथून बाहेर काढताना कस्टममध्ये अडकू शकतो.

बाहेरच्या नकलखोराइतकाच जवळचा माणूसही धोक्याचा असतो. परदेशातला वितरक माल उचलतो, बाजार उभा करतो आणि मार्का आपल्या नावावर नोंदवतो. कधी तो म्हणतो, तुमच्याच सोयीसाठी केले. संबंध गोड असेपर्यंत हे उघडकीला येत नाही. वितरक बदलायची वेळ आली की तो म्हणतो, मार्का माझा आहे. प्रतिनिधीने परवानगीशिवाय केलेल्या नोंदणीविरुद्ध पॅरिस करारात दाद आहे, पण ती मागायला कोर्टात जावे लागते, आणि तोवर माल नव्या नावाने विकायचा की थांबवायचा हा पेच असतो. वितरणाच्या करारात एक ओळ हवीच : मार्का उत्पादकाचा आहे आणि वितरकाने तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कुठेही नोंदवायचा नाही. पहिले खोके रवाना होण्याआधी ही ओळ लिहिली गेली आणि अर्ज दाखल झाला, तर पुढची बहुतेक भांडणे जन्मालाच येत नाहीत.

एका व्यापाऱ्याच्या मार्क्याला जे लागू आहे, ते समूहाच्या नावालाही आहे. कोल्हापुरी चप्पल हा महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा भौगोलिक संकेत २०१९ मध्ये नोंदला गेला. जून २०२५ मध्ये इटालियन फॅशन कंपनी प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात संताप उसळला. संताप रास्त होता, कारण चामडे कमावण्यापासून वेणी विणण्यापर्यंतचे कसब पिढ्यान्‌पिढ्या काही कारागीर कुटुंबांनी जपले आहे. पण भारतातल्या नोंदणीचा जोर इटलीत चालत नाही, हा कायद्याचा भाग त्या चर्चेत फार थोड्यांनी सांगितला. याउलट, भारताच्या टी बोर्डाने 'दार्जिलिंग' या चहाच्या नावासाठी अमेरिकेत आणि इतरत्र प्रमाणनचिन्हाची नोंदणी घेतली आणि २०११ मध्ये युरोपीय संघात भौगोलिक संकेत म्हणून ते नाव नोंदवून घेतले. दुसऱ्या देशातल्या दाव्यासाठी हाताशी काही असावे लागते, ते अशा चिकाटीने मिळते. भारतात ट्रेडमार्क कायद्याखाली समूहचिन्ह किंवा प्रमाणनचिन्ह नोंदवले, तर त्याच्या पायावर माद्रिदने बाहेर जाता येते. कारागिरांच्या संघटना आणि सरकारी महामंडळे यांनी ही वाट वापरायला हवी. शुल्क त्यांच्या आवाक्यातले आहे, आणि परदेशी कोर्टात उभे राहताना वर्तमानपत्रातल्या लेखापेक्षा नोंदणीचा क्रमांक उपयोगी पडतो.

नोंदणी मिळाल्यावर ती टिकवावी लागते. वापर नसेल तर नोंदणी रद्द करून घेण्याचा हक्क इतरांना असतो. चीन आणि जपानमध्ये सलग तीन वर्षांच्या, ब्रिटन आणि युरोपीय संघात पाच वर्षांच्या न-वापरानंतर. म्हणून बिले, जहाजाची कागदपत्रे आणि पाकिटांचे नमुने देशवार, तारीखवार जपून ठेवायचे. नवा देश जोडायचा असेल तर त्याच आंतरराष्ट्रीय नोंदणीत नंतर भर घालता येते, त्या देशापुरती तारीख मात्र नंतरची धरली जाते. मालकाचे नाव, पत्ता किंवा मालकी बदलली तर एकाच नोंदीने ती सगळीकडे बदलते, आणि माद्रिदची खरी किंमत अशा वेळी कळते. मालकी घेणारा मात्र कोणत्या तरी सदस्यदेशाचा नागरिक, रहिवासी किंवा उद्योजक असायला हवा.

आंतरराष्ट्रीय नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे आणि दर दहा वर्षांनी ती कितीही वेळा वाढवता येते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी वायपो आठवण पाठवते. मुदत उलटल्यावरही जादा आकार भरून सहा महिन्यांची सवलत मिळते. नूतनीकरणात नको असलेले देश वगळता येतात, म्हणून त्या वेळी प्रत्येक देशातला खप पाहून यादी नव्याने करावी. आठवणीचे पत्र नोंदवहीतल्या पत्त्यावर जाते, तेव्हा कार्यालय हलवल्यावर किंवा ईमेल बदलल्यावर जिनिव्हाला कळवायला विसरू नये. लाँजीनच्या घड्याळांवरचे पंख लावलेल्या वाळूच्या घड्याळाचे चिन्ह १८९३ मध्ये या नोंदवहीत चढले. वेळोवेळी नूतनीकरण होत गेले आणि मूळ रूपातच ते आजही तिथे आहे.